घरातील ध्वनियंत्रे आणि त्यांची जोडणी



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण असे विषय शोभतात. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात या प्रथेचा पाया घातला, तेव्हापासून लोकशिक्षण हाच तिचा हेतू राहिला आहे. लोकशिक्षणात घरातल्या तारा आणि प्लग यांनाही थोडी जागा असावी, असे मला वाटते. आज नांदेड-लातूरकडच्या बहुतेक घरांत आवाज देणारी दोन-चार यंत्रे तरी असतात. ती एकमेकांना जोडायची कशी, एवढाच प्रश्न मी घेणार आहे. प्रश्न किरकोळ दिसतो. पण चुकीच्या जोडणीने स्पीकर जळतो, आजोबांच्या आवाजाची एकुलती एक कॅसेट वाया जाते, आणि क्वचित माणूसही दगावतो. म्हणून तो नीट समजून घेतला पाहिजे.

आपल्या भागात ध्वनियंत्र घरात आले ते रेडिओच्या रूपाने. नांदेड हा तेव्हा निजामाच्या राज्यातला जिल्हा आणि लातूर हे उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. हैदराबादचे नभोवाणी केंद्र १९३५ साली सुरू झाले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शस्त्रसंधीची घोषणा केली ती रेडिओवरूनच. १९५० साली ते केंद्र आकाशवाणीत विलीन झाले. त्या काळच्या व्हॉल्व्हच्या रेडिओला जोडणीचा फारसा व्याप नसे. गच्चीवर ताणलेली एरियलची तार, जमिनीत पुरलेली अर्थची तार आणि भिंतीतला प्लग, एवढ्यात काम भागे. आवाज पकडणे, तो वाढवणे आणि ऐकवणे ही तिन्ही कामे एकाच लाकडी पेटीत होत.

पुढे पेट्या वेगळ्या झाल्या. १९४८ साली लाँग-प्ले तबकडी आली, १९६३ साली कॅसेट आली, १९८२ साली सीडी आली. आता दूरदर्शन संच, मोबाईल आणि संगणक हीसुद्धा आवाजाची उगमस्थाने आहेत. या सर्वांना मिळून एक ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची एक जोडी, अशी घरातली मांडणी असते. लातूरच्या गंजगोलाईला जसे सोळा रस्ते येऊन मिळतात, तशा ॲम्प्लिफायरच्या पाठीमागे अनेक वाटा येऊन मिळतात. गोलाईत नवखा माणूस गोंधळतो, कारण सर्व रस्ते सारखेच दिसतात. ॲम्प्लिफायरच्या पाठीमागची भोकेही सारखीच दिसतात; परंतु प्रत्येकातून वाहणाऱ्या विजेचे बळ वेगळे असते. हे बळ ओळखता आले, की जोडणीचे निम्मे शास्त्र हाती आले म्हणून समजा.

हे बळ तीन पायऱ्यांचे आहे. पहिली पायरी सुईची आणि मायक्रोफोनची. तबकडीवर फिरणाऱ्या चुंबकी सुईतून तीन ते पाच सहस्रांश व्होल्ट एवढाच दाब निघतो. दुसरी पायरी ‘लाइन’ची. सीडी प्लेअर सर्वाधिक आवाजाच्या क्षणी सुमारे २ व्होल्ट देतो. टेपडेक, दूरदर्शन संच, मोबाईल यांचेही उत्पन्न व्होल्टाच्या दशांशापासून एक-दोन व्होल्टांपर्यंत असते. तिसरी पायरी स्पीकरची. आठ ओहमच्या स्पीकरला १० वॉट द्यायचे, तर सुमारे ९ व्होल्ट दाब आणि एक अँपिअरहून थोडा अधिक प्रवाह लागतो. पहिल्या दोन पायऱ्यांत दाब असतो, पण प्रवाह नगण्य असतो. तिसऱ्या पायरीला दाबही लागतो आणि प्रवाहही.

नांदेडजवळ असर्जनच्या विष्णुपुरी प्रकल्पात गोदावरीचे पाणी पंपांनी उचलून कालव्यात सोडतात आणि मग ते शेतापर्यंत जाते. नदीचे पाणी आपण होऊन वर चढत नाही. ते टप्प्याने उचलावे लागते. ध्वनीचेही तसेच आहे. सुईचे पाणी आधी लाइनच्या कालव्यापर्यंत चढवायचे, आणि तेथून ॲम्प्लिफायरच्या पंपाने स्पीकरच्या शेतात न्यायचे. मधला टप्पा गाळला, तर शेत कोरडे राहते. उलट, पंपाची धार रोपवाटिकेवर सोडली, तर रोपे वाहून जातात. ॲम्प्लिफायरच्या स्पीकरच्या टोकांतून निघालेली तार दुसऱ्या यंत्राच्या ‘ऑक्स’ भोकात घालणे म्हणजे नेमके हेच. ते कधीही करू नये.

आता ॲम्प्लिफायरची पाठ वाचू. ‘इन’ म्हणजे आत येण्याची वाट आणि ‘आउट’ म्हणजे बाहेर जाण्याची. टेपच्या ‘आउट’मधून निघालेली तार ॲम्प्लिफायरच्या ‘इन’मध्ये जाते. इनला इन किंवा आउटला आउट जोडले, तर काहीच ऐकू येत नाही. आणि यंत्र बिघडले असे समजून लोक ते दुरुस्तीला नेतात. गोल टोपीसारख्या ज्या प्लगला आपण आरसीए पिन म्हणतो, त्याचे नाव रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीवरून पडले. त्यात लाल रंग उजव्या बाजूचा आणि पांढरा डाव्या बाजूचा. पिवळी पिन चित्राची असते. आवाजाशी तिचा संबंध नाही. ‘ऑक्स’, ‘सीडी’, ‘टेप’, ‘ट्यूनर’ अशी नावे लिहिलेली भोके बहुतांशी एकाच जातीची, म्हणजे लाइनची असतात. सीडीची तार ट्यूनरच्या भोकात घातली तर काही बिघडत नाही. निवडीचे बटण तेवढे त्या नावावर आणावे.

याला अपवाद ‘फोनो’ या भोकाचा. ते केवळ चुंबकी सुईच्या तबकडीयंत्रासाठी असते. तबकडी कापताना खर्जाचे स्वर मुद्दाम लहान करतात, नाहीतर खोबणीची लाट शेजारच्या खोबणीत शिरेल. आणि तारस्वर मुद्दाम मोठे करतात, म्हणजे तबकडीची खरखर त्यांच्याखाली दबते. या वाढीघटीचे प्रमाण १९५४ साली ठरले आणि पुढे जगभर रूढ झाले. फोनोच्या भोकामागचे मंडल नेमके उलटे काम करते. खर्ज भरून काढते, तारस्वर उतरवते आणि शिवाय सुईचा दाब सुमारे शंभर पटींनी वाढवते. म्हणून चुंबकी सुई ऑक्समध्ये जोडली तर आवाज क्षीण आणि पातळ येतो; सीडी फोनोमध्ये जोडली तर आवाज फाटतो आणि खर्ज बेसुमार फुगतो. ॲम्प्लिफायरला फोनो नसेल, तर फोनो प्रीॲम्प्लिफायर नावाची छोटी पेटी मध्ये बसवावी लागते. जुन्या पेटीवजा रेकॉर्ड-प्लेअरमध्ये बहुधा सिरॅमिक सुई असे. तिचा दाब बराच मोठा असल्यामुळे तिला या पेटीची गरज पडत नाही. तबकडीयंत्रातून एक बारीक सुटी तारही निघते. ती ॲम्प्लिफायरच्या ‘जीएनडी’ लिहिलेल्या स्क्रूला बांधावी. न बांधल्यास मोठी घरघर ऐकू येते.

मोबाईल जोडताना एक पथ्य पाळावे. मोबाईलचा आवाज बराच वर, पण कमाल मर्यादेच्या किंचित खाली ठेवावा, आणि कमी-जास्त ॲम्प्लिफायरच्या बटणाने करावे. मोबाईलचा आवाज अगदी खाली ठेवून ॲम्प्लिफायर पूर्ण उघडला, तर गाण्याबरोबर तारेतली खरखरही तितक्याच पटीने वाढते.

येथे कॅसेटविषयी थोडे विस्ताराने बोलले पाहिजे, कारण त्यात घाईचा प्रश्न आहे. आपल्या घराघरांत जुन्या कॅसेटी पडून आहेत. त्यांत कोणाच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या आहेत, कोणाच्या गावच्या सप्ताहातले कीर्तन आहे, कोणाच्या वडिलांचे बोलणे आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांच्या कार्यातून शंभरांहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण जतन झाले, आणि त्यात मराठवाड्यातल्या माजलगावच्या बायांचे आवाजही आहेत. आपापल्या घरापुरते असेच काम प्रत्येकाला करता येईल. मात्र जुनी फीत पुनःपुन्हा वाजवण्याजोगी राहिलेली नसते. पहिले वाजवणे हेच कदाचित शेवटचे ठरेल, म्हणून त्यापूर्वी जोडणी अचूक हवी.

नेहमी होणारी चूक अशी. टेपची तार लोक लॅपटॉपच्या बाजूच्या एकुलत्या भोकात घालतात. ते भोक हेडफोनचे आणि मायक्रोफोनचे असते. त्यातला मायक्रोफोनचा भाग सहस्रांश व्होल्टाची अपेक्षा करतो. टेपच्या लाइनमधून त्याच्या कित्येक पट दाब आला, की मुद्रण फाटते. असे फाटलेले मुद्रण मागाहून कोणत्याही उपायाने पूर्ववत होत नाही. शिवाय मायक्रोफोनची ती वाट एकपदरी असते; डावा-उजवा भेद तेथे उरत नाही. म्हणून ‘लाइन इन’ असलेला छोटा यूएसबी जोडणीचा संच मध्ये घ्यावा. आधी बाजारातली एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट लावून पाहावी, मुद्रणाची पातळी कमाल रेषेच्या बरीच खाली राहते ना ते तपासावे, आणि मगच आजीची कॅसेट यंत्रात घालावी. मुद्रण सीडीच्या प्रमाणाने, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने आणि १६ बिट, एवढ्या तपशिलाने केले तरी कॅसेटच्या मानाने ते पुरेसे आहे.

आता तिसरी पायरी, स्पीकर. येथे तीन गोष्टी पाहायच्या: ओहम, दिशा आणि तारेची जाडी.

स्पीकरच्या पाठीवर ४, ६ किंवा ८ ओहम असा आकडा असतो, आणि आपण किती ओहमपर्यंत चालू, हे ॲम्प्लिफायरच्या पाठीवर लिहिलेले असते. आठ ओहमचे दोन स्पीकर एकाच जोडीच्या टोकांना शेजारी-शेजारी, म्हणजे समांतर जोडले, की मिळून ४ ओहम होतात. एकापुढे एक, म्हणजे एकसरीत जोडले, की १६ होतात. चार ओहमचे दोन समांतर जोडले तर २ ओहम उरतात. ओहम निम्मे झाले की त्याच दाबाला प्रवाह दुप्पट होतो, ॲम्प्लिफायर तापतो आणि जळतो. लग्नाच्या आदल्या दिवशी अंगणातही आवाज हवा म्हणून आणखी दोन स्पीकर जोडले जातात आणि ऐन हळदीत ॲम्प्लिफायर मुका होतो; त्याचे कारण बहुधा हेच असते.

दुसरी गोष्ट दिशेची. स्पीकरला अधिक आणि उणे अशी दोन टोके असतात. दोन्ही स्पीकरांत अधिकाला अधिक आणि उण्याला उणे जोडले, तर दोन्ही पडदे एकाच वेळी पुढे येतात आणि एकाच वेळी मागे जातात. एकाच्या तारा उलट झाल्या, तर एक पडदा हवा ढकलतो त्या क्षणी दुसरा ती ओढतो. ५० कंपनांच्या खर्ज स्वराची लाट हवेत जवळजवळ ७ मीटर लांब असते. दोन स्पीकर तिच्या मानाने अगदी जवळ उभे असल्यामुळे ते परस्परांचा खर्ज खाऊन टाकतात. आवाज येतो, पण पखवाजाची थाप पोकळ लागते आणि गायक कोठे बसला आहे ते कळत नाही. खुणा पुसल्या असतील, तर तारा ॲम्प्लिफायरपासून सोडवून दीड व्होल्टाचा सेल स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवावा. पडदा पुढे आला, तर सेलचे अधिक टोक ज्याला टेकले ते स्पीकरचे अधिक टोक.

तिसरी गोष्ट जाडीची. समजा, ॲम्प्लिफायरपासून स्पीकर १० मीटर दूर आहे. जाण्यायेण्याची मिळून २० मीटर तार झाली. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध त्या लांबीला सुमारे पाव ओहम होतो. आठ ओहमच्या मानाने तो क्षुल्लक आहे. पण पाव चौरस मिलिमीटरहूनही बारीक अशी, दारावरच्या घंटेला वापरतात तसली तार घेतली, तर तो दीड ओहमच्या पुढे जातो आणि शक्तीचा सहावा हिस्सा तारेतच उष्णता होऊन संपतो. म्हणून तार जाड घ्यावी; ती महाग घेण्याचे कारण नाही. घरच्या वायरिंगला लागणारी दीड चौरस मिलिमीटरची साधी मल्टीस्ट्रँड तार उत्तम काम देते. टोक सोलताना एकही केस सुटा राहून शेजारच्या टोकाला टेकणार नाही, याची मात्र खात्री करावी. ही कामे प्लग काढूनच करायची, हे वेगळे सांगायला नको.

आपल्या बाजारपेठेत स्थानिक कारागिरांनी बांधलेले ॲम्प्लिफायर पुष्कळ विकले जातात. ४४४० या क्रमांकाच्या आयसीवर बांधलेली पेटी अनेकांनी पाहिली असेल. हा आयसी दोन वाटांना प्रत्येकी सुमारे ६ वॉट देतो. दोन्ही वाटा जोडून एकच केली, तर सुमारे १९ वॉट देतो. या दुसऱ्या प्रकारात स्पीकरचे उणे टोक पेटीच्या पत्र्याशी जोडलेले नसते. दोन स्पीकरांची उणे टोके एकत्र बांधली, किंवा एक टोक पत्र्याला लावले, तर आयसी तत्काळ जळतो. म्हणून बांधणाऱ्याला विचारून घ्यावे. आणि पेटीवर ‘१००० वॉट पीएमपीओ’ असे छापलेले असेल, तर तिकडे लक्ष देऊ नये. पेटीच्या पाठीमागे विजेचा खप किती लिहिला आहे ते पाहावे. जी पेटी विजेच्या तारेतून ४० वॉट घेते, ती स्पीकरला सतत हजार वॉट देणार कोठून? खर्चापेक्षा उत्पन्न अधिक दाखवणारा जमाखर्च कोणताही व्यापारी मान्य करणार नाही.

येथवर जे सांगितले त्यात चुकल्यास नुकसान पैशाचे आणि फार तर आठवणींचे. आता जिवाच्या गोष्टीकडे येतो.

यंत्रे जोडली की स्पीकरमधून ‘हूं’ असा संथ आवाज येऊ लागतो, हा अनेकांचा अनुभव आहे. आपल्या विजेची कंपनसंख्या ५० आहे. तीच, किंवा तिची दुप्पट-तिप्पट आपल्याला ऐकू येते. या आवाजाचा उगम शोधण्याची रीत सोपी आहे. ॲम्प्लिफायरला जोडलेल्या सर्व तारा काढाव्यात. तरीही गुणगुण राहिली, तर दोष ॲम्प्लिफायरच्या पोटात आहे. बहुधा त्यातला मोठा कपॅसिटर वाळलेला असतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या यंत्राला हा आजार लवकर होतो. गुणगुण थांबली, तर एकेक तार परत जोडावी. ज्या तारेसरशी ती उपटते, ती तार दोषी.

पुष्कळदा ही दोषी तार दूरदर्शन संचाची निघते. कारण असे: ॲम्प्लिफायर भिंतीतल्या अर्थिंगला जोडलेला असतो, आणि दूरदर्शनला येणाऱ्या केबलचे जाळीचे आवरण दूर कोठेतरी खांबाला किंवा गच्चीच्या लोखंडाला टेकलेले असते. अशा रीतीने जमिनीपर्यंत दोन वाटा तयार होतात. दोन ठिकाणच्या जमिनीचा विद्युद्दाब तंतोतंत सारखा नसतो, म्हणून आरसीए तारेच्या आवरणातून बारीक प्रवाह वाहतो आणि तोच ऐकू येतो. गंजगोलाईत जसे सर्व रस्ते एका मध्याशी मिळतात, तशा सर्व यंत्रांच्या जमिनी एकाच बिंदूशी मिळाल्या पाहिजेत. दोन गोलाया झाल्या की घोटाळा झाला. उपायही त्यातूनच निघतात. सर्व यंत्रे एकाच प्लगपट्टीवर लावावीत. दूरदर्शनचा आवाज प्रकाशवाहक तारेने, म्हणजे ऑप्टिकल केबलने न्यावा. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही, म्हणून वर्तुळ तुटते. मात्र दूरदर्शनच्या मांडणीत आवाजाचा प्रकार ‘पीसीएम’ असा निवडावा, नाहीतर साध्या यंत्राला तो वाचता येत नाही आणि पूर्ण शांतता ऐकू येते. ऑप्टिकलची सोय नसेल, तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची लहान ट्रान्सफॉर्मरची डबी आरसीए तारेत घालावी.

परंतु लोक करतात ते निराळेच. प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकली की गुणगुण थांबते, हे कोणीतरी त्यांना सांगितलेले असते. गुणगुण थांबते हे खरे. पण ती पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब आणि जाड केली आहे ती विचारपूर्वक: प्लग घालताना ती आधी टेकावी आणि काढताना शेवटी सुटावी म्हणून. यंत्राच्या आतली जिवंत तार कधी पत्र्याला टेकली, तर वीज माणसाच्या अंगातून न जाता या पिनेतून जमिनीत जावी, यासाठी ती आहे. ती काढली, की गुणगुणीबरोबर राखणदारही गेला. काही यंत्रांना मुळातच दोन पिना असतात. त्यांच्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते आणि त्यांची बांधणी दुहेरी आवरणाची असते. त्यांना तिसरी पिन लागत नाही. बाकी यंत्रांची पिन कोणत्याही कारणाने काढू नये.

आणि मराठवाड्यात पिन असून भागत नाही. पिनेच्या पलीकडे जमीनही जिवंत असावी लागते. अर्थिंगचा खड्डा ओलाव्यावर काम करतो. आपली काळी माती ओली असताना वीज चांगली वाहून नेते. वैशाखात ती वाळते, आक्रसते, भेगाळते आणि पुरलेल्या नळीपासून सुटते. २०१६ सालचा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत प्रत्येकी ५० हजार लिटरच्या १० वाघिणी होत्या. पिण्याला पाणी नाही, तेथे अर्थिंगच्या खड्ड्यात कोण ओतणार?

याचा परिणाम हिशेबाने पाहा. समजा, वाळलेल्या जमिनीमुळे अर्थिंगच्या वाटेचा एकूण रोध ५० ओहम झाला. यंत्राच्या पत्र्याला २३० व्होल्टची तार टेकली, तर प्रवाह येईल ४.६ अँपिअर. आपल्या भिंतीतला खटका १६ अँपिअरचा असेल, तर तो पडणारच नाही. पत्रा जिवंत राहील आणि कोणाला कळणारही नाही. याहून वाईट म्हणजे घरातल्या सर्व अर्थिंगच्या तारा एकच असतात. खोलीतल्या लोखंडी कुलरमध्ये वीज उतरली आणि जमीन निकामी असली, तर ती वीज अर्थच्या तारेने ॲम्प्लिफायरच्या पत्र्यावरही येते. दोष कुलरचा, आणि धक्का गाणे लावणाऱ्याला.

यावर उपाय दोन. पहिला, जाणत्या वायरमनकडून अर्थिंगचा रोध यंत्राने मोजून घ्यावा, आणि तोही पावसाळ्यात नव्हे तर चैत्र-वैशाखात. घरगुती अर्थिंग ५ ओहमच्या आत असावे असा सर्वसाधारण दंडक आहे. खड्ड्यात भांडी विसळलेले का होईना, पण नेमाने पाणी जाऊ द्यावे. दुसरा उपाय म्हणजे मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवणे. जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या प्रवाहात तेवढा फरक पडला, की तो क्षणार्धात वीज तोडतो. वरच्या उदाहरणातले ४.६ अँपिअर १६ अँपिअरच्या खटक्याला अपुरे असले, तरी आरसीसीबीला ते दीडशे पटींनी जास्त आहेत. त्यावरचे ‘टी’ अक्षराचे बटण महिन्याला एकदा दाबून तो पडतो की नाही ते पाहावे.

आणखी दोन बारीक सूचना. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर ॲम्प्लिफायर करकरू लागला, तर इन्व्हर्टर चौकोनी लाटेचा आहे असे समजावे. अशा घरी साइन लाटेचा इन्व्हर्टर घ्यावा. आणि वळवाच्या पावसात ढग गडगडू लागले, की नुसते बटण बंद न करता प्लग आणि केबल दोन्ही काढावीत. आकाशातली वीज केबलच्या वाटेनेही घरात येते.

यंत्रे सुरू करताना आधी उगमयंत्र आणि शेवटी ॲम्प्लिफायर. बंद करताना आधी ॲम्प्लिफायर आणि मग बाकीची. म्हणजे सुरू-बंद होतानाचा ठोका स्पीकरवर बसत नाही.

तात्पर्य, कोणतीही तार हाती घेतली की तीन प्रश्न विचारावेत. ही वाट आत येणारी की बाहेर जाणारी? हिच्यातले बळ सुईचे, लाइनचे की स्पीकरचे? आणि या यंत्राची जमीन कोठे मिळते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे यंत्राच्या पाठीवर लिहिलेली असतात. तिसऱ्याचे उत्तर अंगणातल्या त्या झाकण घातलेल्या खड्ड्यात आहे. सध्या वसंत सरत आला आहे आणि माती वाळू लागली आहे. आजीच्या ओव्या ऐकायला बसण्यापूर्वी ते झाकण एकदा उचलून पाहा आणि दोन बादल्या पाणी ओता, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.